बायपास फिल्टरची ऑइल नळी सारखी गळते, निसटते, फुटते: काय तपासायचं आणि कोणती नळी घ्यायची

ट्रक, टिपर, जनरेटर किंवा ऊसतोडणीचं हार्वेस्टर, कशाचंही डिझेल इंजिन असो. बाहेरून बायपास ऑइल फिल्टर बसवलाय आणि त्याची नळी दर दोन-चार महिन्यांनी त्रास देतेय, तर हे शेवटपर्यंत वाचा. कराड-पाटण भागात मी हेच काम करतो. फिल्टरमध्ये दोष निघाल्याच्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्या नळीच्या.

आधी लक्षणं. यातलं आपलं कोणतं ते ओळखा, म्हणजे पुढचं अर्धं काम वाचेल.

नळीच्या मधल्या भागाला घाम आल्यासारखं ऑइल सुटतं, दोन्ही टोकं मात्र कोरडी: नळीचा माल चुकीचा आहे, किंवा ती आतून संपली आहे.

गाडी गरम झाली की टोकाशी ठिबकतं, थंड झाली की थांबतं: रबर कडक होऊन पकड गेली आहे.

नट कितीही आवळा, आठवड्यात पुन्हा ओलं: आटे जुळत नाहीत, किंवा नळीचं पसरवलेलं तोंड तडकलं आहे.

इंजिन अर्धा तास चाललं तरी फिल्टरचा डबा हाताला थंडच: ऑइल फिल्टरमधून फिरतच नाही.

फिल्टर बसवल्यापासून गरम इंजिनाला आयडलिंगवर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो: नळीत अडसर, म्हणजे प्रवाह कमी ठेवणारं बारीक भोक, नाही, इंजिनाचं ऑइल फिल्टरकडे मोकळं वाहतंय. असं असेल तर पुढचं सगळं नंतर. आधी गाडी उभी करा.

बायपास फिल्टर काय करतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची कारणं कळायची नाहीत. इंजिनाचा नेहमीचा फिल्टर सगळं ऑइल गाळतो, म्हणून त्याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही. बायपास फिल्टर त्यातलं थोडंसंच ऑइल बाजूला घेतो, काजळी आणि दोन-तीन मायक्रॉनचे कण धरतो आणि ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, सोडतो. म्हणजे नळ्या दोन. एक प्रेशरची, बहुतेक वेळा ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून काढलेली. दुसरी परतीची, जिच्यात जवळपास दाब नसतो. प्रेशरच्या नळीत मात्र इंजिनाचं रक्तच वाहतं. ती गेली तर चेंबर रिकामं होतं आणि क्रँकची बेअरिंगं जातात. हजार-पाचशे रुपयांच्या नळीवर लाखांचं इंजिन टांगलेलं असतं, म्हणून मी यावर एवढं बोलतो.

पुसा, खडूची पूड मारा, बघा

याला पैसा लागत नाही, तरी दहातले आठ जण हे न करता थेट नळी बदलतात. इंजिन बंद करून गार होऊ द्या. टीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून चेंबरपर्यंत सगळं डिझेलच्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. नळीवर आणि जोडांवर खडूची पूड भुरभुरा. आता इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि बॅटरी घेऊन बघा पूड कुठे आधी ओली झाली.

हे अशासाठी की पंख्याचा वारा ऑइल मागे उडवतो आणि ते नळीवरून ओघळत खाली येतं. ठिबकतं एका जागी, गळतं दुसऱ्याच. एका जनरेटरची नळी दोनदा बदलली गेली होती, आणि गळत होतं टॅपेट कव्हरचं पॅकिंग. चालू इंजिनात हात घालून गळती चाचपू नका. ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं, चटका बसतो आणि पंखा शेजारीच फिरत असतो.

नळीवर काय लिहिलंय ते वाचा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण खरा घोळ इथेच असतो.

नळी घ्यायला गेलं की माणूस विचारतो, 'किती प्रेशरची आहे?' दुकानदार सांगतो, 'दोनशे पंचवीस बार.' ऐकून बरं वाटतं. पण आपल्या इंजिनात थंडीत सकाळी सुरू करताना दाब फार तर पाच-सहा बार चढतो, गरम इंजिनाला आयडलिंगवर एक-दोन बार राहतो. अशा नळीला दाबाची काळजी जवळपास नाहीच. विचारायचं ते हे: ही किती अंशांना टिकते, आणि आतला माल ऑइलला चालतो का?

हायड्रॉलिकची जी एका जाळीची नळी सगळीकडे मिळते, जिच्यावर १००आर१ किंवा १एसएन असं छापलेलं असतं, तिचं मानक १०० अंश सेल्सियसपर्यंतचं. घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीत इंजिन ऑइल ११०-१२० अंशांवर सहज जातं. नळी पहिल्या दिवशी फुटत नाही. ती रोज थोडी भाजली जाते. वर्षभरात आतलं रबर कडक होतं, वाकवलं की कटकट वाजतं आणि क्रिम्पच्या, म्हणजे नळीवर दाबून बसवलेल्या धातूच्या टोकाच्या, तोंडाशी चीर जाते. बाहेरून ती तशीच काळीभोर दिसत राहते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

खाली ज्या नळ्या लोक लावतात आणि लावू नयेत त्या.

पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. 'ऑइल फिरताना दिसतं' म्हणून लावतात. गरम ऑइलला ती लोण्यासारखी मऊ पडते. परतीलाही लावू नका.

रेडिएटरची नळी. तिचं रबर पाण्यासाठी बनवलेलं, बहुधा ईपीडीएम. खनिज तेल लागलं की ते फुगतं, आतलं भोक बारीक होत जातं आणि शेवटी बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. कूलंटची रंगीत सिलिकॉन नळी दिसायला भारी, पण साधं सिलिकॉनही इंजिन ऑइलला चालत नाही.

डिझेलची साधी नळी. तिच्यावर बहुधा ५० पीएसआय लिहिलेलं असतं, म्हणजे साडेतीन बारच्या आत. थंडीतल्या पहिल्या स्टार्टलाच आपण त्याच्या वर जातो.

आणि ब्रेकच्या हवेची काळी नायलॉन नळी. ही सगळ्यात घातक, कारण प्रत्येक ट्रकवर तिचा तुकडा हाताशी असतो, फेरूल (नळीला पकडणारी कडी) आणि नटही मिळतात आणि हवेचे आठ बार ती आरामात झेलते. पण ती ९३ अंशांपर्यंतची. चिपळूणहून जांभ्याचा चिरा भरून येणारी एक दहा चाकी गाडी कुंभार्ली घाटात अशीच उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, 'दादा, दोन म्हैन्यात तिसरी नळी हाय ही.' मी टोक हातात घेतलं. फुटलं नव्हतं, फाटलं नव्हतं. नायलॉन मऊ होऊन पितळी फेरूलमधून लांबत बाहेर आलं होतं. टोक निमुळतं झालेलं, त्यावर फेरूलचा गोल वळ आणि वळापुढे अर्ध्या इंचाची सरळ घसरण. आधीच्या दोन नळ्या त्याने जपून ठेवल्या होत्या. तिन्ही टोकं सारखी. दोनदा 'नट नीट आवळला नव्हता' म्हणून तीच नळी पुन्हा लावली गेली होती. प्रेशरचा दिवा लागताच त्याने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, म्हणून बेअरिंगं वाचली. त्या पोराच्या सावधपणाचं मला आजही कौतुक वाटतं.

मग घ्यायची कोणती? टर्बो असलेल्या किंवा घाटात, खाणीत राबणाऱ्या इंजिनाच्या प्रेशरच्या बाजूला मी आता टेफलॉनची, वरून स्टीलची जाळी असलेलीच घालतो. तिच्यावर १००आर१४ असं असतं आणि ती २०४ अंशांपर्यंत चालते. महाग पडते, पण त्या जागी मी काटकसर करत नाही. तिची दोन पथ्यं आहेत. एकदा मोडली की तिथे कायमची घडी पडते, मग ती वापरायची नाही. आणि तिची स्टीलची जाळी करवतीसारखी असते. वायरिंगला, दुसऱ्या नळीला घासली तर त्यांना कापत जाते, म्हणून वरून आवरण चढवा.

परतीला आणि साध्या जनरेटरला रबराची चालते, फक्त तिच्यावर गरम ऑइलसाठी १२५ अंश किंवा त्याहून जास्त लिहिलेलं हवं. काही कंपन्या १५० अंशांची, वरून कापडी विणीची नळी बनवतात, ती उत्तम. काहीच छापलेलं नसेल तर नळी कितीही जाड असो, परत द्या.

वाट, वाक आणि घासणं

अजूनही पैसा लागलेला नाही. नळी कुठून जाते ते बोटाने आणि डोळ्याने मागोवा घेत बघा. पाव इंची, म्हणजे दोन सुती, १एसएन नळीचा वाक १०० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान चालत नाही. नाश्त्याच्या डिशची कड जेवढी गोल, तेवढा वाक. बहुतेक ठिकाणी मला चहाच्या कपाएवढा दिसतो. असा आवळलेला वाक आतली जाळी एका बाजूला ताणतो आणि नळी नेमकी तिथेच सुटते. जागा नसेल तर नळी वाकवू नका, एल्बो लावा.

नळीवर छापलेली रेघ सरळ गेली पाहिजे. ती दोरासारखी फिरत गेली असेल तर नट आवळताना नळीला पीळ बसलाय. एक पाना नळीच्या षटकोनावर धरून दुसऱ्याने नट फिरवला असता तर तो बसला नसता.

आता एक गोष्ट जी हमखास विसरली जाते. फिल्टर चॅसीला बसवलेला असतो आणि इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. गिअर टाकताना, बंद करताना इंजिन चांगलं दोन-तीन बोटं झुकतं. शिवाय दाब आला की नळी स्वतः दोन टक्के लांब किंवा चार टक्क्यांपर्यंत आखूड होऊ शकते. तारेसारखी ताठ बसवलेली नळी प्रत्येक वेळी टोकातून उपटली जाते. थोडा झोळ ठेवा. साधारण दीड फुटावर एक रबरी अस्तराची क्लिप हवी. प्लॅस्टिकचा टाय नको, तो उष्णतेने तुटतो आणि तुटायच्या आधी नळीत रुततो.

टर्बो आणि एक्झॉस्टपासून किमान सहा इंच लांब. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा आणि नळीवर उष्णतेची बाही. भारात टर्बोच्या गरम बाजूचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं. त्यावर ऑइलचा फवारा उडाला की गाडी पेटते.

टोकं आणि आटे

इथून थोडा खर्च सुरू. व्हर्नियर आणि आट्यांचं गेज लागेल, नसेल तर लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम.

प्रेशर स्विचच्या जागी तीन प्रकारचे आटे भेटतात आणि तिन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे बसतात, त्यामुळे फसगत होते. १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा) साधारण ९.७ मिमी, इंचाला २८ आटे. १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचा आटा) साधारण १०.३ मिमी, इंचाला २७ आटे. तिसरा एम१०, पिच १ मिमी. चुकीचा निप्पल, म्हणजे आटेवाला जोड, आधी सैल जातो, मग एकदम घट्ट होतो, आणि माणसाला वाटतं बसला. प्रत्यक्षात आटे एकमेकांना खात असतात. जुना स्विच हातात ठेवून त्याच्याशीच नवीन निप्पल ताडून बघा, आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तो निप्पल आपला नाही.

कोनाच्या तोंडाचे जोडही असेच फसवतात. ३७ अंशांचं तोंड आणि ४५ अंशांची बैठक असेल, तर नट आवळला तरी एका बारीक कडेवरच टेकतं. दोन्ही एकाच जातीचे घ्या.

टेफलॉन टेप इथे वापरू नका. निप्पल फिरवताना तिचा एक धागा आत तुटतो आणि अडसराच्या बारीक भोकात जाऊन बसतो. फिल्टर थंड राहण्याच्या कितीतरी तक्रारी मी निव्वळ हा पांढरा धागा काढून मिटवल्या आहेत. आट्यांचं पातळ सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. बंजो बोल्टला, म्हणजे आतून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टला, तांब्याचे नवेच वायसर. नवे मिळत नसतील तर जुने लालबुंद तापवून पाण्यात सोडा, मऊ होतात आणि पुन्हा धरतात.

जाळीच्या नळीवर स्क्रूची क्लिप नको. जाळी दबत नाही, पकड येत नाही. प्रेशरच्या बाजूला क्रिम्प केलेलंच टोक, आणि टोक त्याच नळीसाठी बनवलेलं. टेफलॉनच्या नळीचं आणि रबराच्या नळीचं टोक वेगळं असतं.

जुन्या इंजिनांवर तांब्याच्या नळ्या दिसतात, त्यावरून काहीजण तांबं मागतात. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि नटाच्या मागे गोल तडकतं, शिवाय गरम ऑइल तांब्याच्या संगतीत लवकर खराब होतं. सरळ लांब भाग असेल तर स्टीलची नळी घ्या, आणि इंजिनापासूनचा शेवटचा तुकडा लवचिक ठेवा.

जाडी आणि आतला अडसर

जाड नळी लावली की फिल्टर चांगला चालेल, हा समज मोडायला हवा. प्रवाह नळीची जाडी ठरवत नाही, आतलं एक बारीक भोक ठरवतं. ते साधारण दीड मिलिमीटरचं असतं, फिल्टरच्या बैठकीत किंवा इंजिनाकडच्या निप्पलमध्ये. फिल्टरसोबत आलेल्या पत्रकात त्याचं माप दिलेलं असतं, तेच प्रमाण.

भोक दीडचं सहा मिलिमीटर झालं तर व्यास चौपट, पण वाट सोळापट. ढोबळ हिशोबाने तीन बार दाबाला दीड मिमीतून गरम ऑइल मिनिटाला दीड-पावणेदोन लिटर जातं. मोकळ्या सहा मिमीतून पंचवीस लिटरच्या पुढे, म्हणजे पंपाचं ऑइल बेअरिंगांऐवजी फिल्टरकडेच. आयडलिंगला दिवा लुकलुकतो तो यामुळे.

माझा आग्रह असा की हा अडसर इंजिनाकडच्या टोकाला असावा. नळी फुटलीच, तर १५ लिटरचं चेंबर रिकामं व्हायला आठ-नऊ मिनिटं मिळतात. तेवढ्यात दिवा दिसतो, वास येतो, माणूस थांबतो. अडसर फिल्टरकडे असेल तर नळी पूर्ण मोकळी वाहते आणि एक-दोन मिनिटांत खेळ आटोपतो. पण दोन्हीकडे अडसर लावू नका, प्रवाह फारच कमी होईल.

फिल्टर थंड असेल तर गार इंजिनाला निप्पल काढून दीड मिमीच्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू भोकातून जाते का बघा. ड्रिलची धार घालू नका, भोक वाढेल. भोक मोकळं असूनही फिल्टर थंडच, तर फिल्टरचं काडतूस, म्हणजे आतला गाळणारा भाग, घाणीने भरलं आहे किंवा परतीची नळी दबली आहे.

प्रेशरला दोन सूत पुरे. परतीला तीन सूत, आणि तिच्यात कुठेही कॉक नको. बंद राहिला तर फिल्टर फक्त शोभेचा.

नवीन नळी बसवताना

कापल्यावर नळीत रबराचा आणि तारेचा चुरा राहतो. प्रेशरच्या नळीतला चुरा निदान फिल्टरमध्ये अडकतो. परतीच्या नळीतला थेट चेंबरमध्ये जातो. म्हणून परतीची नळी जास्त काळजीने धुवा: रॉकेल, मग हवा, मग पुन्हा रॉकेल, पांढऱ्या फडक्यावर काळं येईनासं होईपर्यंत. क्रिम्पवाल्याकडून हातपंपाने १५ बारला तपासून घ्या. फिल्टर आणि नळ्या ऑइल पितात, तेव्हा पाच मिनिटं आयडलिंगवर चालवून, थांबून डिपस्टिक बघा आणि कमी असेल तेवढं भरा. दुसऱ्या दिवशी आणि पाचशे किलोमीटरला जोड पुन्हा बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ब्लॉकमधले आटे सोलले गेले किंवा टीच्या जागी चीर दिसली, तर स्वतः टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका. लोखंडाचा एक बारीक कण ऑइलच्या गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत, पडला तर तो बेअरिंगपर्यंत जातो. हे मशीन शॉपचं काम.

प्रेशर नसताना इंजिन चाललं असेल, आवाज बदलला असेल, किंवा जुना फिल्टर कापल्यावर घड्यांमध्ये चमचमणारे कण दिसले, तर पुन्हा स्टार्ट मारून बघू नका. बेअरिंगं उघडून बघायला इंजिन मेकॅनिक हवा. नळी नीट केल्यावरही दिवा लुकलुकत असेल तरी तेच, आता दोष पंपात किंवा इंजिनात आहे.

टर्बोवर किंवा एक्झॉस्टच्या आवरणात ऑइल मुरलं असेल तर ते काढून साफ होईपर्यंत गाडी हलवायची नाही. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही जोडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. आणि हार्वेस्टर-पोकलेनवाल्यांनो, हे सगळं इंजिन ऑइलबद्दल आहे. हायड्रॉलिकच्या नळीत शेकडो बार असतात, सुईएवढी गळती कातडीच्या आत घुसते, तिच्याजवळ हात नेऊ नका.

वरचं यातलं काही नसेल, दोष फक्त नळीचा असेल, तर जाणकार मिळेपर्यंत गाडी अडून राहायची गरज नाही. बायपास फिल्टर हा जोडीचा फिल्टर आहे, मुख्य फिल्टर आपलं काम करतोच. प्रेशरची आणि परतीची अशी दोन्ही तोंडं प्लगने बंद करा, ऑइल भरून पातळी बघा, दिवा विझतो याची खात्री करा आणि सावकाश घरी या. आपल्या आट्यांचे दोन प्लग आणि चार तांब्याचे वायसर गाडीतच ठेवा. त्या चिऱ्याच्या गाडीत आता ते टूलबॉक्सच्या झाकणाला तारेने बांधलेले असतात.